पेणहून दिसतो का?

(स्नेहसंमेलनाच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे. मधले शेरे आणि हशा गाळला आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तर एआयवर बोल. आमच्या पोरांच्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांग." मी म्हटलं, त्याचं उत्तर मला ठाऊक असतं तर मीच रात्री निवांत झोपले असते. मी ध्रुवीय प्रकाशावर बोलते. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "पेणमध्ये?"

हा प्रश्न आपल्या वर्गात याआधी एकदा विचारला गेला आहे, आणि त्याला आता बत्तीस वर्षं झाली.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, मी सातवीपर्यंत रोह्याला होते. बाबा धाटावच्या एमआयडीसीत कामाला होते. आठवीला मी पेणला आजोळी आले आणि या वर्गात बसले, पहिल्या बाकावर. नववीत भूगोलाच्या तासाला बाईंनी ध्रुवीय प्रकाश शिकवला. चित्र काळंपांढरं होतं आणि ते बघून आमच्या बाकावर एकमत झालं होतं की ही मच्छरदाणी आहे. बाई सांगत होत्या, याला हिरवा, तांबडा, जांभळा असे रंग असतात, तो उत्तर आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशांत दिसतो. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पेणहून दिसतो का?"

सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्यांत मी होते. बाईंना वाटलं, हा टिंगल करतोय. उरलेला तास तो उभा होता. तो कोण ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आज त्याचा स्वतःचा गणपतीचा कारखाना आहे. नाव घेत नाही, कारण घेतलं तर भाद्रपदात तो मला मूर्ती देणार नाही.

बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, तुमचं उत्तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पण प्रश्नही बरोबर होता. ते कसं, तेवढंच सांगते.

सूर्यापासून सुरुवात करायला हवी. सूर्य म्हणजे तापलेल्या, विद्युतभारित वायूचा गोळा. हा वायू सतत ढवळत असतो, आणि त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. प्रयोगशाळेत सरांनी कागदावर लोहकीस पसरून खाली पट्टीचुंबक धरला होता, आठवतं? कशा छान रेषा उमटल्या होत्या. सूर्यावर तशाच रेषा असतात, पण तिथे चुंबक स्थिर नाही. विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे पंचवीस दिवसांत एक फेरी पुरी करतो, ध्रुवांकडच्या भागाला त्याहून बरेच दिवस जास्त लागतात. त्यामुळे या रेषा गुंडाळल्या जातात, पिळल्या जातात. जिथे पीळ पृष्ठभागातून वर येतो तिथे खालून येणारी उष्णता अडते, तो भाग भोवतालापेक्षा थंड राहतो आणि काळा दिसतो. तो सौरडाग. हे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं.

पीळ फार झाला की तुटतो. वेणीचं रबर ताणून तुटतं तसं. त्या तुटण्यातून दोन गोष्टी निघतात. एक, प्रखर झोत, जो आठ मिनिटं वीस सेकंदांत आपल्यापर्यंत येतो. दुसरी, कधीकधी, अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा लोट, आपलं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊन निघालेला. त्याला पृथ्वीपर्यंत यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसाच प्रकार आहे. फरक इतकाच की हा गडगडाट दोन दिवसांनी येतो आणि कुणाला ऐकू येत नाही.

पृथ्वीभोवतीही चुंबकीय क्षेत्र आहे आणि एरवी ते अशा लोटाला बाजूनं वळवून लावतं. पण येणाऱ्या लोटाचं क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, म्हणजे आपल्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्हींच्या रेषा एकमेकींत जोडल्या जातात आणि दार उघडतं. ऊर्जा आत शिरते. ध्रुवांभोवतीच्या पट्ट्यात इलेक्ट्रॉन वेगानं खाली येऊन हवेच्या अणूंवर आदळतात आणि ते अणू उजळतात. ट्यूबलाइटच्या नळीत जे घडतं, हायवेवरच्या पिवळ्या सोडियम दिव्यात जे घडतं, तेच आकाशात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा दिसतो. २०० किलोमीटरच्या वर, जिथे हवा अगदी विरळ आहे, तिथे तोच ऑक्सिजन तांबडा दिसतो. खालच्या काठाला कधी नायट्रोजनची गुलाबी-जांभळी किनार.

हा तांबडा रंग लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. आपण हायवेनं पनवेलकडून घरी येताना डोंगरांच्या मागून कर्नाळ्याचा सुळका डोकावतो. किल्ला दिसत नाही, पायथा दिसत नाही, फक्त सुळका. लांबून उंच वस्तूचा शेंडाच दिसतो. ध्रुवीय प्रकाशाचा पडदा लांब दक्षिणेतून पाहिला तर त्याचाही वरचा, तांबडा काठच क्षितिजावर दिसतो. हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड राहतो.

आता माझी गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही तिघं, नवरा, मुलगी आणि मी, नॉर्वेत ट्रॉम्सोला गेलो. किती खर्च झाला ते इथे सांगत नाही, आई समोर बसली आहे. चार रात्री होत्या. तीन रात्री ढग. चौथ्या रात्री गाइड आम्हाला गाडीनं दोन तास आत घेऊन गेला, बर्फात उभं केलं आणि म्हणाला, बघा. मी बघितलं. उत्तरेला तांदळाच्या पेजेसारखा एक फिकट पट्टा होता. मला वाटलं ढगच आहे. मुलीनं मोबाइल धरला, तीन सेकंद हात स्थिर ठेवला, आणि स्क्रीनवर हिरवागार पडदा. डोळ्यांना पेज, मोबाइलला पोपटी. मी खरंच खट्टू झाले. अर्ध्या तासानं तो पट्टा एकदम जागा झाला, डोक्यावर आला, हलायला लागला, आणि तेव्हा डोळ्यांनाही हिरवा दिसला, खाली गुलाबी काठासकट. पाचएक मिनिटं. मग पुन्हा पेज.

हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी तिघांनी मला आज सकाळी नाश्त्याला विचारलं की कुठली टूर घेऊ. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट दिसत नाहीत, कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवतो, म्हणून फोटो बघून जाऊ नका. सप्टेंबर ते मार्च या काळात जा, उन्हाळ्यात तिथे रात्रच होत नाही. निदान पाच-सहा रात्री हाताशी ठेवा, कारण सूर्यापेक्षा ढग जास्त दगा देतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये शून्य ते नऊ असा केपी नावाचा आकडा दाखवतात. तो तीन-तीन तासांचा हिशेब असतो, त्यामुळे आत्ता काय चाललंय ते त्यावरून फारसं कळत नाही. त्यापेक्षा सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे झुकलंय का ते बघा. झुकलेलं असेल तर जॅकेट घालून बाहेर पडा. हे मोजमाप पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किलोमीटरवर उभी असलेली यानं करतात, आणि तिथून लोट इथे पोचायला पाऊण तास, कधी जेमतेम वीस मिनिटं लागतात. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून त्याच जागी आहे. त्याच्यावरची सूर्याचे अतिनील फोटो घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडवली गेली. पुण्यात राहते म्हणून सांगतेय असं समजू नका, थोडं तसंही आहे.

आता मे २०२४. ७ तारखेला रायगडचं मतदान होतं. माझं नाव अजून पेणच्या यादीत आहे, म्हणून आले आणि मुलीच्या सुट्ट्या होत्या म्हणून राहिले. १० तारखेला अक्षय्यतृतीया. त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक अवाढव्य समूह आला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण पंधरापट लांब. एकामागून एक लोट पृथ्वीच्या दिशेनं निघाले होते. सकाळी मी २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाचा जपून ठेवलेला चष्मा काढला, त्याला कुठे चरा गेला नाही ना ते बल्बसमोर धरून तपासलं, आणि गच्चीवरून सूर्याकडे बघितलं. डाग दिसला. दुर्बीण नाही, काही नाही. उजव्या बाजूला पेन्सिलीनं ठिपका दिल्यासारखा. मुलीला दाखवला, आईला दाखवला. आई म्हणाली, "एवढाच?" (चष्म्याशिवाय कुणीही सूर्याकडे बघू नका. घरातल्या नातवंडांनाही सांगा.)

मग आमरस-पुरी झाली. रात्री साडेनऊला मी आपल्या मूर्तिकाराला फोन केला. म्हटलं, वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं सौरवादळ येतंय, कारखान्याच्या गच्चीवर येऊ का? तिथून उत्तर मोकळी दिसते. तो म्हणाला, ये, चहा ठेवतो. खाली कच्च्या मूर्ती रांगेनं वाळत होत्या, वर आम्ही चौघं-पाच जण. तृतीयेची कोर मावळून गेली होती. उकाडा असा की माझ्या हातातल्या मोबाइललाही घाम सुटला असावा. दहा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास तो लोट पृथ्वीवर आदळला. मोबाइलवर आलेखाची रेघ उभी वर गेली. आम्ही मान वर करून उभे.

काही दिसलं नाही. पेणच्या दिव्यांचा पिवळट उजेड, आणि कंपाउंडपलीकडच्या झाडात चारदोन काजवे.

तेव्हा तो म्हणाला, "अगं, तेव्हा मी टिंगल नव्हती केली. मला खरंच बघायचा होता. बाई म्हणाल्या तांबडा आणि हिरवा एकात एक मिसळतात, मधे रेघ नसते. मला ते कसं दिसतं ते बघायचं होतं." ज्याच्या घरी तीन पिढ्या मूर्तीला रंग देतात, त्याला तो प्रश्न पडणारच की. मी पहिल्या बाकावर बसून तो पाठ केला होता, त्यानं शेवटच्या बाकावरून तो बघायचा ठरवला होता.

त्या रात्री मध्यरात्रीनंतर लडाखमध्ये हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवरच्या भारतीय खगोलीय वेधशाळेच्या आकाशात, उत्तर क्षितिजावर तांबडा प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. फक्त तांबडा. कर्नाळ्याचा सुळका. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो तिथून पुन्हा दिसला. आपल्या देशातून बघायचा असेल तर तीच जागा, पण तिथेही मोठं वादळ लागतं.

मी घरी आले आणि झोप येईना. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आम्ही वर बघत उभे होतो, पण तिथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर, अलिबागला, एक उपकरण त्याच क्षणी हललं होतं. शाळेची अलिबागची सहल आठवते ना? समुद्र, किल्ला, भेळ. किनाऱ्याजवळची वेधशाळा आपण बाहेरून बघितली, आत काय आहे ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ती वेधशाळा मुळात मुंबईत कुलाब्याला होती. ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये ती सुरू केली, आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांत आपल्या अलिबाग तालुक्यातल्या नागावचा एक मुलगा होता, केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात गणिताचे नामवंत प्राध्यापक झालेले, टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे ते हेच. म्हणजे नागावचा पोरगा कुलाब्यात बसून चुंबकसूची किती हलली ते लिहीत होता. कंटाळवाणं काम. दिवसाचे तास, रात्रीचे तास, छोट्या दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हा हौशी खगोलशास्त्रज्ञ सूर्याच्या डागांचं चित्र काढत असताना त्याला डागांवर अचानक पांढरा झोत दिसला. जेमतेम पाच मिनिटं. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आलं. एवढ्या कमी वेळात, म्हणजे लोटाचा वेग भयंकर होता. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली, ठिणग्या उडाल्या, क्यूबासारख्या उष्ण बेटावर ध्रुवीय प्रकाश दिसला. हे सगळं पुस्तकांत आहे. पण वादळ नक्की किती मोठं होतं? तिकडच्या अनेक ठिकाणी उपकरणाचा काटा नोंदपट्टीच्या बाहेरच गेला होता. आकडा मिळेना.

आकडा होता कुलाब्याच्या वहीत. २ सप्टेंबरला सकाळी ११ च्या सुमारास तिथे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला. हे एकक अपरिचित आहे, म्हणून तुलना सांगते. आज अलिबागला हा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. १० मे २०२४ च्या रात्री सुरू झालेल्या वादळात, ज्याच्यासाठी आम्ही गच्चीवर उभे होतो, वादळ मोजायच्या जागतिक निर्देशांकाची घसरण चारशेच्या थोडी वर गेली. कुलाब्याच्या सहायकानं नेहमीच्या वेळा सोडून दर काही मिनिटांनी वाचन घेतलं होतं, म्हणून ती घसरण आणि तिचं सावरणं दोन्ही वहीत उतरलं. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्ष लाखिना आणि एस. अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदी पुन्हा काढून तपासल्या, आणि जगाला कळलं की त्या वादळाचं मोजमाप मुंबईत झालं होतं. एवढी तीव्र घसरण इतक्या थोड्या वेळात कशी झाली यावर शास्त्रज्ञ आजही वाद घालतात. त्या संस्थेचं मुख्यालय कुठे आहे माहीत आहे? नवीन पनवेलला. आपल्याच जिल्ह्यात.

आणि इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. वादळात विद्युतभारित कण पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या वर, हजारो किलोमीटर दूर एक कडं करून फिरू लागतात. त्या कड्याच्या प्रवाहानं आपल्या इथलं चुंबकीय क्षेत्र कमी होतं, आणि वादळाचा जोर त्या घटीवरून मोजतात. उत्तरेकडे, जिथे प्रकाश दिसतो, तिथे त्या प्रकाशाबरोबरचे जवळचे प्रवाह इतका गोंधळ घालतात की हे कडं नीट मोजता येत नाही. मोजायला लांब, दक्षिणेला यावं लागतं. ट्रॉम्सोला प्रकाश बघायला जायचं आणि वादळ मोजायला अलिबागला यायचं. वादळाचा मिनिटामिनिटाचा जागतिक निर्देशांक काढायला जगातल्या ज्या थोड्या वेधशाळांचे आकडे वापरतात, त्यांत अलिबाग आहे.

कुलाब्याहून अलिबागला ती आली कशी, तेही छान आहे. मुंबईत विजेवर ट्राम चालवायचं ठरलं. ट्रामच्या प्रवाहानं सूची हलणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय, यांनी जागा शोधली अलिबागची. १९०४ ला तिथे काम सुरू झालं. मूस यांनी लगेच कुलाबा बंद केलं नाही. दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांगड बसावी. ट्राम विजेवर धावली १९०७ मध्ये. अलिबागची इमारत मुद्दाम पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण आपला काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय असतो. माझ्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात. जुनी यंत्रणा आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारीशेजारी चालवायची, आकडे जुळले की मग जुनी बंद करायची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणी करत नाही.

मीही केलं नाही, त्याहून वाईट केलं. दहा-बारा वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होते तिथे सर्व्हरवरची जागा संपत आली होती. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, नव्वद दिवसांपेक्षा जुन्या सगळ्या नोंदी पुसणारा. साहेब खूश, मी खूश. आठ महिन्यांनी यंत्रणा बंद पडली. बिघाड असा होता की तो वर्षातून एकदाच, मार्चअखेरीच्या हिशेबाला यायचा. गेल्या मार्चमध्ये काय झालं होतं ते बघितलं असतं तर अर्ध्या तासात सापडला असता. गेला मार्च मी स्वतः पुसला होता. तीन रात्री घालवल्या, आणि शेवटी कारण मिळालं ते अंदाजानं.

१० मेच्या त्या रात्री मला ते आठवलं. कुलाब्यातल्या त्या वहीचा उपयोग एकशे चव्वेचाळीस वर्षांनी होणार आहे हे लिहिणाऱ्याला कसं कळणार? त्याला कॅरिंग्टन ठाऊक नव्हता, कण ठाऊक नव्हते, इलेक्ट्रॉनचा शोधसुद्धा लागायचा होता. आकडा विचित्र आला म्हणून त्यानं चूक समजून खोडला नाही आणि जागेवरून उठलाही नाही. दुसरा आकडा घेतला, मग तिसरा.

हे सगळं केवळ शोभेचं नाही हेही सांगायला हवं, नाहीतर सर म्हणतील, मूळ मुद्दा राहिला. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्विबेकमध्ये अशा वादळानं दीड मिनिटात वीजजाळं कोसळलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. तेव्हा आपण पाचवीत होतो आणि रोह्याला वीज जाणं ही काही बातमी नव्हती. मे २०२४ मध्ये अमेरिकेत पेरणीच्या हंगामात ट्रॅक्टरचं जीपीएस चुकलं आणि शेतकरी बांधावर थांबले. म्हणून हे वेध आता हौसेसाठी घेत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या रात्रीनंतर मी शोधत बसले, आणि मला १८७२ सापडलं. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री जे वादळ आलं ते १८५९ च्या तोडीचं होतं. मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसला. दंतकथा नाही, दोन दिवसांनी टाइम्स ऑफ इंडियात बातमी आली. मुंबई ते एडन अशी समुद्राखालून तारेची केबल तेव्हा नुकतीच पडली होती, तीही त्या रात्री विस्कळीत झाली. अलीकडे जपानी संशोधकांनी या सगळ्या नोंदी एकत्र करून, कुलाब्याचे आकडे घेऊन, त्या वादळाचा अभ्यास केला आहे.

मुंबई ते पेण सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. तो प्रकाश शेकडो किलोमीटर उंचीवर असतो. मुंबईला दिसणार आणि पेणला झाकणार इतका तो खाली नसतो. रोह्यालाही तेच. मुंबईत तेव्हा रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले होते, आपल्याकडे रात्र पुरती काळी होती. फेब्रुवारीची थंडी, अंगणात शेकोटी, कुणीतरी उत्तरेकडे बघितलं असणार. काय समजले असतील? डोंगराला वणवा लागला असं म्हणून झोपलेही असतील. पण आकाश त्यांच्या डोक्यावर तेच होतं.

तेव्हा बाई, पेणहून दिसतो. फार क्वचित, शंभर-दीडशे वर्षांत एखाद्या रात्री, तांबडा. पुढचा कधी ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि आता आपण दिवेही इतके लावून ठेवले आहेत की आला तरी कळेल की नाही शंका आहे. पण दिसतो. मी त्या दिवशी मोठ्यानं हसले होते, त्याबद्दल त्याची माफी मी गच्चीवरच मागितली. चहाच्या बदल्यात त्यानं ती दिली.

आता एकच काम उरलं आहे आणि ते माझ्या हातात नाही. बाई, शेवटच्या रांगेत बघा. मी हे सांगायला लागल्यापासून तो पुन्हा उभा राहिला आहे. त्याला खाली बसायला सांगा.